धुऱ्यापलीकडचा हिशेब

आमच्या वऱ्हाडात माणसाचा स्वभाव पाहायचा असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, त्याच्या धुऱ्यावर जावे. घरी तो पाहुण्याला चहा देतो, चार शब्द गोड बोलतो. धुऱ्यावर मात्र तो जसा असतो तसा दिसतो. दोन वावरांच्या मधली ही हात-दोन हात रुंदीची गवताळ पट्टी. तिच्यावर धड पीक येत नाही, तिच्यावरून धड गाडी जात नाही. पण तिच्यापायी सख्खे भाऊ आयुष्यभर एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत, आणि अकोल्या-अमरावतीच्या कचेऱ्यांतून कितीतरी वकिलांचे संसार तिच्यावर सुखाने चाललेले आहेत.

धुरा कोरला तर तो दिसतो. नांगराचा एक फेरा जास्त पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावाला कळते. परंतु धुऱ्यापलीकडे जाणारी दुसरीही एक गोष्ट असते, आणि ती जाताना कोणाला दिसत नाही. माझे धाकटे मामा पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात शेती करतात. त्या भागात विहिरीचे पाणी मचूळ, माती काळी आणि माणसे चिवट. काही वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरीस त्यांच्या पऱ्हाटीचा एक कोपरा अचानक विचित्र दिसू लागला. कपाशीचे पान पंज्यासारखे रुंद असायचे. ते अरुंद, लांबट, बोटांसारखे फुटू लागले. मामांना वाटले, बोकड्या आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या एका जाणत्या माणसाला त्यांनी पाने नेऊन दाखवली. त्याने पाने उलटीसुलटी करून पाहिली आणि एवढेच विचारले, "शेजारी ज्वारी आहे का हो?"

ज्वारी होती. शेजाऱ्याने तिच्यात रुंद पानांचे तण मारण्यासाठी टू-फोर-डी नावाचे औषध फवारले होते. हे औषध ज्वारीला सोसते, तणाला मारते आणि कपाशीला मात्र त्याचा नुसता वारा लागला तरी पुरतो. शेजाऱ्याचे औषध खोटे नव्हते, मात्रा बरोबर होती, मनात पाप नव्हते. ज्वारी तर इतकी सुंदर आली की पाहत राहावे. फक्त त्या सकाळी वारा मामांच्या बाजूला वाहत होता, आणि वाऱ्याबरोबर किती औषध धुरा ओलांडून गेले हे कोणी मोजले नव्हते.

मामांनी भांडण केले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "त्यानं मायं नुसकान केलं म्हून राग नाई बापू. पन आपल्या फवाऱ्याचं शेजाऱ्याले किती लागते, हे त्यानं इचारलंच नाई, याचा राग हाये."

हे सगळे सांगायचे कारण असे की तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मामांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात विचारला, आणि तेव्हा वावर त्यांचे स्वतःचे शरीर होते.

सत्तरी ओलांडल्यावर मामांना रात्री पाच-पाच वेळा उठावे लागू लागले. खेड्यात या तक्रारीला कोणी तक्रार समजत नाही. म्हातारपणाचा एक रिवाज समजतात. रक्ताच्या तपासणीत आकडा फार चढलेला निघाला, मग सुईने तुकडा काढून पाहिला, आणि प्रोस्टेटच्या ग्रंथीचा कर्करोग आहे असे ठरले. या ग्रंथीला आपल्या शास्त्रीय मराठीत पुरःस्थ ग्रंथी असा भारदस्त शब्द आहे. पण तो उच्चारला तर ऐकणाऱ्याला एखाद्या तालुक्याचे नाव वाटेल. मामांच्या घरी तर ती जागा कोठे असते हे सांगण्याचीच चोरी. मामीला सांगितले, "पोटाखालची गाठ," आणि मामीनेही शहाणपणाने पुढे विचारले नाही.

डॉक्टरांनी दोन टप्प्यांचा इलाज सांगितला. आधी काही आठवडे बाहेरून किरण द्यायचे, आणि मग एकदाच आतून. या दुसऱ्या टप्प्याला ब्रॅकिथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत 'ब्राखिस' म्हणजे आखूड. म्हणजे किरणांनी फार लांबचा प्रवास करायचा नाही. किरणांचा उगमच रोगाच्या पोटात नेऊन ठेवायचा. कल्पना फार जुनी आहे. क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले आणि तीनच वर्षांनी पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात डॉक्टर डँलो यांनी ते रोग्यांच्या कातडीवर वापरून पाहिले. पुढच्याच दशकात पॅरिसच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गातून रेडियमची नळी सरकवून प्रोस्टेटवरही इलाज करून पाहिला. त्या काळी मात्रा मोजण्याचे मोठे साधन म्हणजे माणसाची कातडी. ती किती लाल होते ते पाहायचे आणि पुढचे ठरवायचे. कित्येक डॉक्टर तर नळीचा जोर अजमावायला स्वतःचाच हात पुढे करीत, आणि पुढे त्या हातांना कर्करोग झाला. त्या काळी मापाची पट्टी म्हणून असे माणसाचेच अंग खर्ची पडत असे.

आता तशी स्थिती नाही. अल्ट्रासाऊंडचे चित्र पाहत, मांड्यांच्या मधल्या जागेतून पंधरा-वीस पोकळ सुया ग्रंथीत बसवतात. त्या सुयांतून एका तारेच्या टोकावर बसवलेला इरिडियमचा कण आळीपाळीने फिरतो. हा कण साडेतीनएक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटरहूनही बारीक. प्रत्येक सुईत तो ठरलेल्या ठिकाणी ठरलेले काही सेकंद थांबतो, पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. आणि काम झाले की आपल्या जाड पेटीत परत जातो. रोग्याच्या अंगात मागे काही उरत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असे आयोडीन-१२५चे दाणे ग्रंथीत कायमचे पेरतात. त्यांचा जोर दर साठ दिवसांनी निम्मा होत जातो आणि दीड-दोन वर्षांत जवळजवळ संपतो. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे दाणे बनवले आणि डोळा व प्रोस्टेट या दोन्हींसाठी म्हणून त्यांचे नाव 'ऑक्यु-प्रोस्टा' ठेवले. मामांना पेरणीची पद्धत जास्त पसंत पडली असती असे मला वाटते; पण त्यांच्या नशिबी फिरता कण होता.

मी अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. आमच्या नातेवाइकांत अशी समजूत आहे की ज्याला भौतिकशास्त्र येते त्याला विजेचा पंखा, दूरदर्शन संच आणि किरणांचे सर्व प्रकार दुरुस्त करता येतात. त्यामुळे मामांचा सोबती म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. अमरावतीहून रात्रीच्या मुंबई गाडीत मी बसलो, अकोल्याला मामा चढले. मूर्तिजापूरपासूनच डब्यात निजानीज झाली होती. मामा मात्र जागे होते. अंधारात त्यांनी मला विचारले,

"बापू, मले एक सांग. जेथं रोग हाये तेथं पंधरा लागन, असं डॉक्टरनं सांगतलं. शेजाऱ्याले किती लागन, ते कोनी सांगून नाई रायलं."

"तुम्हाला शेजारी म्हणजे कोण म्हणायचंय, मामा?"

"म्हंजे आजूबाजूचं. हवा तिकडं वायली तं?"

गाडीने अकोला मागे टाकले असेल-नसेल, मी वर्तमानपत्राच्या समासावर मामांना त्यांच्या शरीराचा सातबारा काढून दाखवला. मधे ग्रंथी, आक्रोडाएवढी. वर तिला टेकून मूत्राशय. मागे गुदाशय; आणि दोघांच्या मधला पडदा जेमतेम काही मिलिमीटरांचा. म्हणजे धुरा आहे, पण हातभराचा नव्हे, गव्हाच्या दाण्याएवढा. आणि सगळ्यात अवघड शेजारी वावराच्या बाहेर नसून आतच आहे: मूत्रमार्ग ग्रंथीच्या बरोबर मधून जातो.

"पांदन हाये मंग," मामा म्हणाले.

पांदण हाच शब्द. वावरातून जाणारी वहिवाटीची वाट. वावराला पाणी द्यावे, पण पांदणीत चिखल होऊ नये. झाला तर गावाची ये-जा बंद. मूत्रमार्गाला किरण अजिबात लागू द्यायचे नाहीत असे म्हणताच येत नाही, कारण तो रोगाच्या मुलखातूनच जातो. फक्त तो जाळायचा नाही. जास्त जळला तर पुढे आक्रसतो आणि माणसाला नळी लावून हिंडावे लागते. गुदाशयाला जास्त लागले तर वर्षा-दोन वर्षांनी रक्त पडू लागते. मूत्राशयाला लागले तर जळजळ आणि घाई. हे नुकसान जिवावर बेतणारे क्वचितच असते, पण ते माणसाच्या रोजच्या अब्रूवर बेतणारे असते. पंगतीतून मधेच उठावे लागणे, एस.टी.त बसायची भीती वाटणे, लग्नाला न जाणे. कर्करोग बरा झाला आणि माणूस घराबाहेर पडेनासा झाला, तर त्या बरे होण्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

म्हणून या विद्येतल्या लोकांनी शेजाऱ्यांच्या हद्दी आकड्यांनी बांधल्या आहेत. मात्रेचे माप ग्रे. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की ती एक ग्रे. मामांना ग्रंथीत १५ ग्रे एकाच वेळी द्यायचे होते. अशा वेळी प्रचलित बंधन असे की गुदाशयाच्या एक घन सेंटिमीटरहून जास्त भागाला त्या मात्रेच्या पाऊणपट मात्रा पोहोचू नये, मूत्राशयालाही तसेच. आणि मूत्रमार्गाच्या एक घन सेंटिमीटरहून जास्त भागाला सव्वापट पोहोचू नये. कायमचे दाणे पेरतात तेव्हा ग्रंथीला १४५ ग्रे देतात, पण महिनोनमहिने हळूहळू. तेथे गुदाशयाचे सर्वांत जास्त मार खाणारे दोन घन सेंटिमीटर त्याच आकड्याच्या आत राहिले पाहिजेत असे पाहतात. एक घन सेंटिमीटर म्हणजे किती? बोराएवढेही नाही. माणसाचे पुढले सारे आयुष्य त्या बोरभर जागेच्या हिशेबावर ठरते.

येथे या विषयातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. पंधरा ग्रे हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण पंधरा ज्यूलने एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाच्या हजार भागांपैकी चार भागांइतकेही वाढत नाही. मामांची ग्रंथी चाळीस ग्रॅमची धरली तर तिच्यात मुरलेली एकंदर ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या थोडी वर. गाडीत आम्ही जो कागदी पेल्यातला चहा प्यालो, त्याच्या एका घोटात त्याहून हजारपट ऊर्जा अंगात जात होती. फरक एवढाच की चहाची ऊर्जा सगळीकडे सारखी पसरते आणि किरणांची ऊर्जा सुईच्या टोकासारखी पेशींच्या मर्मावर जाऊन पडते. पण या फरकाचा परिणाम असा होतो की शरीराला काही कळतच नाही. चटका बसत नाही, दुखत नाही, रंग येत नाही. वाऱ्यावरचे औषध निदान वासाने तरी कळते. हे वासानेही कळत नाही. म्हणून ते मोजावे लागते.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मामांची गाठ एका तरुण मुलीशी पडली. ती डॉक्टर नव्हती. किरणांचा हिशेब ठेवणारी भौतिकशास्त्रज्ञ होती. इस्पितळातून असे लोक असतात हे रोग्यांना सहसा ठाऊक नसते, कारण ते नाडी पाहत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. मामांनी आपला प्रश्न तिलाही विचारला. ती हसली नाही. तिने पडद्यावर मामांच्याच आतले चित्र आणले आणि वेगवेगळ्या रंगांच्या रेषा दाखवल्या. बांधावर पाणी जसे उंचीप्रमाणे साचते तशा त्या रेषा ग्रंथीभोवती वळल्या होत्या आणि गुदाशयाच्या बाजूला आत दबल्या होत्या.

"काका, ही रेषा इथून पुढे जाऊ द्यायची नाही, असं आम्ही ठरवतो. मग कुठल्या सुईत कण किती सेकंद थांबवायचा ते त्याप्रमाणे काढतो."

"हे काढलेलं झालं," मामा म्हणाले. "मोजलेलं कोनतं?"

मला त्या क्षणी मामांचा अभिमान वाटला. तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतला फरक शिकवीत आलो. सोयाबीन-कपाशीच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाने तो एका वाक्यात मांडला. फरक असा की काढलेला आकडा सुया जेथे असायला हव्यात तेथेच आहेत असे धरून चालतो. पण सुया सरकतात. ऊती सुजते. मूत्राशय भरते, गुदाशय हलते. आणि जवळच्या कारभारात अंतर ही फार क्रूर गोष्ट आहे. अंतर निम्मे झाले तर मात्रा चौपट. कण दहा मिलिमीटरांऐवजी सात मिलिमीटरांवर आला, म्हणजे तीनच मिलिमीटर सरकला, तरी तेथली मात्रा दुप्पट होते. बाहेरून किरण देताना तीन मिलिमीटरांची चूक बहुधा पोटात घालता येते. येथे ती शेजाऱ्याच्या पोटात जाते.

मुलगी म्हणाली, "मोजायचंही आहे." आणि तिने एका चिमट्यात धरून आम्हाला एक पांढुरकी चकती दाखवली. जेमतेम तीन मिलिमीटरांची, तुटक्या खडूच्या कपच्यासारखी. अशा काही चकत्या एका पातळ रबरी नळीत ओळीने भरून ती नळी इलाजाच्या वेळी मामांच्या गुदाशयात ठेवायची होती. ती चकती लिथियम फ्लोराइडची होती. हे मोजमाप सगळीकडे नेमाने होते असे नाही. वेळ लागतो, हात लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी काढलेल्या आकड्यावरच भिस्त असते. त्या इस्पितळात आपल्या कामाची परीक्षा म्हणून ते करीत होते.

या चकत्यांची गोष्ट मोठी रम्य आहे. १६६३ सालच्या ऑक्टोबरात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने एक हिरा रात्री अंथरुणात नेला आणि अंगाच्या उबेला धरला. तो अंधारात मंद चमकला. काही स्फटिकांचा असा गुण असतो की त्यांच्यावर किरण पडले की त्यांतली थोडी ऊर्जा ते आपल्या आत, अणूंच्या रचनेतल्या दोषांच्या खाचांत, अडकवून ठेवतात. महिनोनमहिने ठेवतात. मग त्यांना ऊब दिली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. जितके किरण खाल्ले तितका प्रकाश. मादाम क्यूरींनीही आपल्या प्रबंधात नोंदले आहे की फ्लोराइटचा हा गुण तापवून संपला तरी रेडियमजवळ ठेवल्याने पुन्हा येतो. या गुणावरून मात्रा मोजावी, ही कल्पना अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० नंतर पुढे आणली. आपल्याकडे किरणांजवळ काम करणाऱ्या हजारो माणसांच्या छातीवर जे बिल्ले असतात, त्यांत भाभा केंद्राने बनवलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या अशाच चकत्या असतात.

गंमत म्हणजे हा स्फटिकांचा उद्योग आमच्या अमरावतीतही चालतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशी चमकणारी द्रव्ये बनवण्यावर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. त्यांची एक रीत ऐकून मामा फार खूश झाले. धातूंचे नायट्रेट घ्यायचे, त्यात युरिया मिसळायचा आणि ते मिश्रण पाचएकशे अंशांच्या भट्टीत ठेवायचे. क्षणभरात ते फसफसून फुगते, पेट घेते आणि मागे पांढरी हलकी राख उरते. ती राख म्हणजेच द्रव्य.

"युरिया? आपला युरिया?"

"तोच, मामा. फक्त शुद्ध."

"मंग तं सोसायटीतून भेटनार नाई," मामा म्हणाले.

या राखेत कोणते मूलद्रव्य घालायचे यावर सारी विद्या आहे. शरीर हे कार्बन, प्राणवायू, हायड्रोजन अशा हलक्या अणूंचे बनलेले. मापकही हलक्या अणूंचे असेल तर तो शरीरासारखाच किरण खातो. जड अणू, विशेषतः आयोडीन-१२५सारख्या मंद ऊर्जेच्या किरणांत, प्रमाणाबाहेर किरण गिळतात. मग माप खोटे मोठे येते. म्हणून लिथियम, बोरॉन, मॅग्नेशियम यांची द्रव्ये शोधतात. शेजाऱ्याचे दुःख मोजायचे तर मापकाने आधी शेजाऱ्यासारखे व्हावे लागते, असा याचा अर्थ मी आपल्या मनाशी लावला. शास्त्राच्या पुस्तकात तो सापडणार नाही. भट्टीतल्या भुकटीपासून रोग्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो, आणि त्यावर निघालेल्या बहुतेक भुकट्या वाटेतच राहतात. तरी अमरावतीच्या उन्हाळ्यात, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याने भुकटी उडते, कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी मुशीत राख ढवळीत बसते, ही गोष्ट मला धीर देणारी वाटते.

इलाजाच्या आदल्या रात्री आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत होतो. टाटा इस्पितळात येणाऱ्या गोरगरीब रोग्यांचा आणि त्यांच्या माणसांचा हा मोठा आधार. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला आणि १९५६ साली अमरावतीच्याच वाटेवर देह ठेवलेला हा माणूस. त्याच्या नावाच्या छपराखाली वऱ्हाडी बोली ऐकू आली की परक्या शहरातही गावच्या पारावर बसल्यासारखे वाटते. शेजारच्या वळकटीवर दर्यापूरकडचे एक गृहस्थ होते. त्यांनाही पुढच्या आठवड्यात हाच इलाज व्हायचा होता. ते घाबरलेले होते, आणि मामा त्यांना पांदणीची गोष्ट समजावून सांगत होते.

सकाळी मामांना कमरेखाली बधिर करून सुया बसवल्या. चित्रे घेतली, हिशेब मांडला, चकत्यांची नळी ठेवली, आणि मग सगळे खोलीबाहेर आले. जाड दार लागले. आत मामा एकटे, आणि तो बारीक कण सुयांतून हिंडत होता. पडद्यावर ते स्वस्थ पडलेले दिसत होते. दहा-बारा मिनिटांत काम झाले. एवढ्याशा वेळासाठी केवढी तयारी!

चकत्यांचे उत्तर मात्र लगेच मिळत नाही. त्या काढून तापवायच्या, त्यांचा प्रकाश मोजायचा. त्याच वेळी आकडा सांगणारी साधनेही आता निघाली आहेत, पण चकती ही नंतर साक्ष देणारी साक्षीदार. ती नुकसान थांबवू शकत नाही. हे मला कळत होते, आणि खरे सांगायचे तर याच विचाराने मी अस्वस्थ होतो. उद्या आकडा वाईट आला तर? दिलेली मात्रा परत घेता येत नाही. मग तो आकडा मामांना सांगून तरी काय साधणार? न सांगणे हीच दया नव्हे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी स्वतः खाटेजवळ आली. मामा म्हणाले, "पोरी, खरं सांगजो."

"काका, काढलेल्या आकड्यापेक्षा मोजलेला थोडा जास्त आला. मधल्या दोन चकत्यांवर. पण हद्दीच्या आत आहे."

"काऊन जास्त आला?"

"नळी बहुतेक पुढच्या भिंतीला टेकली असेल. किंवा सुया किंचित मागे सरकल्या असतील. आम्ही बघतोय."

मी मामांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांना भीती वाटेल, राग येईल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मंग आता याचा मले काय उपेग?"

ती थोडी गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला फारसा नाही, काका. पुढच्याला आहे. त्याच्या सुया बसवल्यावर आम्ही आणखी एकदा चित्र घेऊन मगच कण सोडणार."

मामांनी मान हलवली. आणि मग मला म्हणाले, "दर्यापूरवाल्याले सांगून देजो बापू, तुयं बेस होईन म्हनून."

माणूस स्वतःच्या शरीरातला आकडा इतक्या सहज दुसऱ्याला देऊन टाकतो, हे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आपण विज्ञानाला प्रगती म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर यंत्रे येतात. मला आता त्या जागी खाटेवर पडलेली माणसे दिसतात. एकाच्या अंगातली मात्रा मोजली म्हणून दुसऱ्याची सुधारली, दुसऱ्याची मोजली म्हणून तिसऱ्याची. आज गुदाशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या ज्या हद्दी पुस्तकात छापलेल्या आहेत, त्या कोणी बसल्या जागी ठरवलेल्या नाहीत. ज्यांना जास्त लागले, ज्यांचे रक्त पडले, ज्यांनी ते लाज सोडून सांगितले आणि ज्यांचे कोणी तरी लिहून ठेवले, अशांच्या नोंदींतून त्या आल्या आहेत. पुढे ग्रंथी आणि गुदाशय यांच्या मधे औषधी जेल टोचून सेंटिमीटरभर जागा करण्याची युक्ती निघाली. २०१५पासून अमेरिकेत तिला मान्यता आहे. म्हणजे धुराच रुंद करायचा! पण धुरा अरुंद आहे, पलीकडे नुकसान होते, हे आधी कोणी मोजले नसते तर तो रुंद करण्याचे कोणाला सुचले असते?

रोगावर किती लागले हे विचारणारे पुष्कळ असतात. त्यात यश असते, नाव असते, जीव वाचल्याचा आनंद असतो. शेजाऱ्याला किती लागले हे विचारण्यात तसले काही नसते. उत्तर आले तर ते बहुधा आपल्याला अडचणीचेच येते. धरण बांधणारे पाणी मोजतात, उठलेली गावे ओझरती मोजतात. कारखाना माल मोजतो, नाल्यात काय गेले ते मोजत नाही. फवारणी करणारा आपली ज्वारी पाहतो. वाईट कोणीच नसते. फक्त धुऱ्यापलीकडे चकती ठेवलेली नसते. त्या मुलीने ती ठेवली होती, आणि तिच्यावर जे दिसले ते लपवले नव्हते. मला वाटते, अर्धा इलाज तो होता.

मामांना दीड-दोन महिने लघवीला जळजळ झाली. मग ती ओसरली. आता रात्री दोनदा उठतात आणि त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला अकोल्याला जातात. गुदाशयातून रक्त पडल्याची तक्रार अद्याप नाही. पण हे नुकसान उशिरा दिसते, म्हणून डॉक्टर अजून विचारतात, आणि मामा अजून खरे सांगतात.

त्यांची एक जुनी वही आहे. गेली चाळीस वर्षे ते तिच्यात पावसाच्या नोंदी करतात. कृषी विद्यापीठाच्या एका मेळाव्यातून आणलेले पर्जन्यमापक त्यांनी अंगणात ठेवले आहे. त्यातले पाणी रोज सकाळी मोजून, शेजारच्या वावरात किती पडला असेल त्याचाही अदमास कडेला लिहायचा, अशी त्यांची पद्धत. मागल्या दिवाळीत मी ती वही चाळीत होतो. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर, कोरड्या गेलेल्या आठवड्याच्या पुढे, मामांच्या ठसठशीत अक्षरात दोन आकडे होते. पहिल्यापुढे लिहिले होते 'काढलेला', दुसऱ्यापुढे 'मोजलेला'. आणि खाली, पावसाच्या रकान्यात बसवून, दर्यापूरच्या त्या गृहस्थाचा आकडा. तो मामांच्या आकड्यापेक्षा कमी होता.